बोटीची डावी बाजू

आबांना बाजूचं दिसत नाही, हे मला जेवताना कळलं. ताटात समोर वाढलेली भाकरी त्यांना दिसायची, पण डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या दिसायचा नाही. मांडीला लागून असलेला तांब्या ते चाचपत राहायचे आणि सापडला की काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं घोट घ्यायचे. तीन-चार वेळा असं झाल्यावर मी एकदा मुद्दाम तांब्या उजवीकडे ठेवला. तिकडेही तेच.

"आबा, तांब्या दिसत न्हाई का?" मी विचारलं.

ते थोडा वेळ जेवतच राहिले. मग म्हणाले, "सरळ बगितलं की दिसतंय. बांगडीतनं बगितल्यावानी. भवतालचं समदं काळं."

"कवापासनं?"

"झालं की वरीस." भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी खाली मान घातली. "कुनाला बोलू नको."

माझे वडील धरणावरच्या सरकारी बोटीवर खलाशी होते. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत बोटींच्या दुरुस्तीचं काम करत. धरणावर बोट आली तेव्हा तिच्यातलं कळणारा माणूस हवा होता, आणि आमच्या नगर जिल्ह्यात असा माणूस कुठे मिळणार? आबांना बोलावून घेतलं. धरणाच्या भिंतीखाली दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मी नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच होतो. मी सातवीची परीक्षा देऊन घरी बसले होते. आता मला एकोणिसावं लागलं होतं.

बोट फायबर ग्लासची होती. गावातले लोक तिला काचेची बोट म्हणत आणि पहिली काही वर्षं येता-जाता बोटांनी टकटक करून पाहत. तिच्यातून साहेब लोक पाण्याची खोली मोजायला जायचे, कधी पाहुणे फिरायला यायचे. आबा चाक धरून उभे राहिले की त्यांची मान एकदम ताठ व्हायची. घरात ते तसे कधी दिसत नसत.

मग दुष्काळ पडला. पाणी इतकं मागं हटलं की बोट ओढून काठावर आणावी लागली. ओंडक्यांवर ठेवलेली ती बोट वर्षभर उन्हात उघडी पडून राहिली. तिची सगळी चकाकी गेली. हात फिरवला की चुन्यासारखी पांढरी भुकटी हाताला लागायची. नाकाडाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या, त्यातली एक चांगली वीतभर लांब आणि खोल होती. कठड्याच्या नळ्यांचे स्क्रू गंजून खाली तांबडे ओघळ आले होते. दोर बांधायचे पितळी खुंट हिरवे-काळे पडले होते.

संक्रांतीनंतर साहेब आले. बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पाऊस पडून पाणी चढेपर्यंत ही धड झाली तर ठेवू. नाहीतर मोडीत काढायची."

साहेब गेल्यावर आबा बराच वेळ बोटीच्या सावलीत बसून होते. बोट मोडीत निघाली तर खलाशाचं काही काम उरत नव्हतं. आणि या डोळ्यांना दुसरं काम कोण देणार, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

सामान आलं. फायबर जोडायच्या राळेचा मोठा डबा, ती घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली, काचेच्या धाग्यांच्या चटईची गुंडाळी, पाण्यात भिजवून घासायचे कागद, आणि रंगाचे तीन डबे. एक मोठा पांढरा, दोन लहान, त्यात एक पिवळा आणि एक निळा. त्याच दिवसापासून मी आबांबरोबर कामाला जाऊ लागले. लोक विचारत, तर आबा सांगायचे, "घरी बसून काय करती? येऊ द्या म्हनलं."

घासायला पाणी लागायचं. उरलेलं पाणी अर्ध्या मैलावर खाली होतं. मी दोन हंडे घेऊन जायची आणि यायची. एकदा मी बोटीपाशी पोचत असताना दुष्काळी कामावर खडी फोडून परतणारी एक बाई थांबली. माझ्या डोक्यावरचा हंडा आणि समोरची ओली बोट पाहून म्हणाली, "मानसाला प्यायला पानी न्हाई, आन् तुमी बोट धुताय व्हय?" मला तोंड वर करवेना. आबा मात्र घासतच राहिले. त्या दिवसापासून आम्ही तेच पाणी पत्र्याच्या घमेल्यात गाळून पुन्हा वापरायला लागलो.

घासण्यात आबांना कुणाची गरज नव्हती. उलट तेच माझ्या कामावरून तळहात फिरवत आणि म्हणत, "हितं अजून खर हाय. हितं. बोट लावून बग." मला डोळ्यांनी काहीच दिसायचं नाही. बोट लावलं की मात्र खरंच खर लागायची. काचेचे धागे अंगात शिरून अशी खाज सुटायची की झोपेतही हात खाजवत राहायचे. कामाला जाण्याआधी आबा माझ्या हातांना गोडं तेल चोळून द्यायचे, कोपरापर्यंत, लहानपणी चोळायचे तसं.

माझी गरज होती ती दोन कामांना. एक, औषधाचे थेंब मोजायला. राळेत औषध किती पडलं यावर सगळं असे. कमी पडलं तर ठिगळ चिकटच राहायचं, जास्त पडलं तर हातातच तापून धूर यायचा. एकदा मी पाण्याला गेलेली असताना आबांनी स्वतःच थेंब टाकले. मी परत आले तेव्हा डबा मातीत पडून धुरत होता आणि ते भाजलेली बोटं तोंडात धरून बसले होते.

दुसरं काम रंग जुळवायचं. पांढऱ्यात पिवळा अगदी थेंबभर घालायचा, म्हणजे उन्हानं सायीसारख्या झालेल्या बोटीच्या रंगाशी तो मिळायचा. सरळ पाहिलं तरी आबांना आता पिवळा-निळा ओळखू येत नसे. मी जुन्या रंगावर नव्या रंगाचं एक बोट ओढून दाखवायची आणि म्हणायची, "मिळाला." आबा त्यावर विश्वास ठेवायचे. दुसरं काय करणार होते?

पितळेचं काम माझं मीच शोधून काढलं. चिंच कोळून मीठ घातलं आणि घरातल्या समईसारखे ते खुंट घासले. लख्ख झाले. आबांनी एक खुंट डोळ्यांसमोर धरला, सरळ, अगदी नाकाजवळ, आणि हसले. "गोदीत आमाला हे कुनी शिकिवलं न्हाई," म्हणाले. त्या उन्हाळ्यात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

मधे एकदा खरेदीचं निमित्त करून आम्ही नगरला डॉक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकली तर टिकेल, औषध घालत राहा. परतताना एस्टीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. जाताना, केडगाव मागं टाकून नगरात शिरताना, ते सारखं काहीतरी दाखवत होते.

चैत्रात कोल्हारहून आत्या आली. ती आबांची थोरली बहीण, आणि आई गेल्यापासून माझी काळजी तिच्याच डोक्यावर होती. तिनं पारनेरचं स्थळ आणलं होतं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, घरी फक्त आई. दुष्काळामुळे देणं-घेणं नको, देवळात चार माणसांत लग्न. आत्या खुशीत होती. आबांनी लगेच होकार दिला.

आत्या गेल्यावर मी म्हणाले, "मला इतक्यात लगीन करायचं न्हाई. बोट हुऊ द्या आदी."

"बोट हुईल."

"थेंब कोन मोजनार? रंग कोन बगनार?"

"चौकीदाराला सांगीन कायतरी."

"म्हंजे त्याला कळनार."

"कळू देत न्हाई मी." मग म्हणाले, "मी मेल्यावर काय करशील? बोट घासत बसशील का जलमभर? अशी मानसं परत मिळायची न्हाईत, पोरी." आणि लगेच पुढं, हळू आवाजात, "नव्या घरात माझ्या डोळ्यांचं सांगू नको. मास्तर मानूस हाय, चार लोकांत बसनं-उठनं असतंय. कुठून तरी साहेबाच्या कानावर जाईल."

मी शब्द दिला.

वैशाखात लग्न ठरलं. तोवर बोटीची उजवी बाजू पुरी झाली होती, त्या बाजूचा कठडाही बसवून झाला होता. डाव्या बाजूच्या चिरा भरल्या होत्या, ती वीतभर चीर आम्ही दोघांनी पहाटेच्या गारव्यात तीन थर देऊन बुजवली होती. पण घासणं, रंग, कठडा, सगळं राहिलं होतं. मी ठरवलं होतं की जाण्याआधी डाव्या बाजूला पुरेल एवढा रंग जुळवून एका डब्यात भरून ठेवायचा. आबांनी तो नुसता काढून वापरायचा. साधं काम होतं, तासाभराचं. हळदीच्या आदल्या दिवशी करू म्हणून ठेवलं. त्या दिवशी आत्या आली, बांगड्या भरायला कासार आला, पाहुणे आले. राहून गेलं. मला त्याची आठवण झाली ती नगरच्या स्टँडवर, नव्या नवऱ्याशेजारी बसून पारनेरच्या गाडीची वाट पाहताना. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पारनेरला मी सुखात होते. हे मला लिहिलंच पाहिजे. नवरा शांत माणूस. शाळेतून आला की वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, मधेच थांबून मला वाचायला लावायचा, चुकलं तर हसायचा नाही. सासूबाई बोलायला फटकळ, पण ताटात पहिली भाकरी मला वाढायच्या. माझ्या हातांची खाज दोन आठवड्यांत गेली. पाऊसही त्या वर्षी झाला. रात्री पत्र्यावर तो वाजायला लागला की धरणातलं पाणी चढत असेल, असं मनात यायचं, आणि मी कूस बदलून झोपायची.

आबांची कार्डं यायची. त्यांचं अक्षर मोठं आणि ठसठशीत होतं. पहिल्या कार्डावर ओळी सरळ होत्या. दुसऱ्यावर थोड्या वाकड्या. श्रावणात तिसरं कार्ड आलं, त्यावर ओळीवर ओळ चढलेली होती, शेवटचे शब्द कडेबाहेर गेले होते. लिहिलं होतं, बोट पाण्यात गेली, साहेब खूश आहेत, काळजी करू नये.

नवऱ्यानं कार्ड पाहिलं. "वडिलांचं अक्षर असं का आलंय?"

"घाईत लिहिलं असेल," मी म्हणाले.

"पंचमीला जाऊन येतेस का? पोचवतो मी."

मला आजही स्पष्ट आठवतं, मी क्षणभर थांबले. मला सगळं समजलं होतं. त्या एकमेकींवर चढलेल्या ओळी दुसरं काय सांगत होत्या? पण त्याच रविवारी आम्ही दोघं नगरला सिनेमा पाहायला जाणार होतो. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी म्हणाले, "दिवाळीला जाऊच की. तेव्हा आबाच येतील न्यायला."

आबा दिवाळीला न्यायला आले नाहीत. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. मग नवराच म्हणाला, चल, आपण जाऊ.

क्वार्टरच्या दोरीवर परक्या माणसाचे कपडे वाळत होते. दारात एक अनोळखी बाई तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात भिंतीकडून चौकीदारमामा आले. मी लहान असल्यापासून ते धरणावर चौकीदार होते. ते आम्हाला आपल्या खोलीकडे घेऊन गेले. खोलीच्या मागच्या पडवीत आबा घोंगडीवर बसले होते. माझ्या पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली, पण माझ्या बाजूला न पाहता थोडं पलीकडे पाहिलं.

"आलीस?" म्हणाले. "मास्तर हायत का संगं?"

"हायत."

"बसा म्हनावं." आणि मग म्हणाले, "च्या करायला सांगतो."

काय घडलं ते चौकीदारमामांनी बाहेर आणून आम्हाला सांगितलं. पाणी चढल्यावर बोट सोडली. महिनाभर सगळं ठीक चाललं. आबांना ते पाणी पाठ होतं, समोरचं तेवढं दिसलं तरी त्यांना पुरायचं. एके दिवशी नगरहून मोठे साहेब आणि पाहुणे आले. परत येताना डाव्या बाजूला पाण्याची उंची मोजायचा खांब होता, दुष्काळात नवा रोवलेला. आबांनी बोटीची डावी बाजू त्याच्यावर घातली. एक पाहुणे पडले, कपाळाला खोक पडली.

"साहेबांनी विचारलं, खांब दिसला नाही का? हे म्हनले, उनाची तिरीप आली," मामा सांगत होते. "तवा साहेब ह्यांच्या बाजूला हुभं राहिलं आन् म्हनलं, माझी बोटं किती सांग. ह्यांनी सांगितलं, तीन."

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"साहेबांनी हातच वर केला नव्हता."

आठवड्याच्या आत आबांना कामावरून कमी केलं. क्वार्टर सोडायला लावलं. कुठे जाणार, म्हणून मामांनी पडवी दिली. "तुला कळवू म्हनलं, तर शपत घातली मला," मामा म्हणाले.

मी उठून बोटीकडे गेले. ती काठाला बांधलेली होती. उजवी बाजू आमची, सायीच्या रंगाची. मी वळसा घालून पाण्यात गुडघाभर उतरले आणि डावी बाजू पाहिली. ती निळसर होती. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी. पिवळ्याच्या जागी त्यांनी निळा डबा उघडला होता, आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं. धरणावरचे लोक तिला दुरंगी बोट म्हणत, हे मला नंतर कळलं. चेष्टा आबांच्याही कानावर गेली असणार.

मी हात फिरवला. पुढून मागपर्यंत. कुठेही खर नव्हती. उजवी बाजू आम्ही दोघांनी केली होती, तिच्यापेक्षा ही कितीतरी मऊ होती. खांब जिथं लागला तिथं लाकडाचा काळा ओरखडा होता, त्याच्याखाली आमची ती बुजवलेली चीर. ठिगळ जसंच्या तसं होतं, केसभरसुद्धा उकललं नव्हतं. कठड्याचे सगळे स्क्रू घट्ट बसलेले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावरची खाच उभी, एका रेषेत. अंगठ्यानं चाचपून त्यांनी एकेक खाच सरळ लावली असेल. तीस-चाळीस स्क्रू होते. किती दिवस लागले असतील त्यांना?

मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले. नवरा काठावर उभा होता. जवळ आला नाही, निघूनही गेला नाही. मी बाहेर आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तांब्याचं, नगरच्या डॉक्टरचं, थेंब मोजायचं, राहून गेलेल्या रंगाचं. कार्ड वाचून मला काय समजलं होतं, तेही सांगितलं.

तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर मी सुट्टी काढून आलो असतो. मला थेंब मोजता येतात."

एवढंच. पुढं आयुष्यात त्यानं तो विषय कधी काढला नाही.

आम्ही आबांना पारनेरला चला म्हणालो. सासूबाईंचीही हरकत नसती. पण लेकीच्या घरी राहायला ते तयार होईनात. शेवटी आत्यानं त्यांना कोल्हारला नेलं. तिथं प्रवरेच्या काठी तिच्या घराच्या ओट्यावर ते दिवसभर बसून असत. वर्षभरात उरलेली नजरही गेली. मी दोन-तीन महिन्यांनी जायची, पुढं कडेवर मुलगी घेऊन जायची. ते मुलीच्या तोंडावरून बोटं फिरवत आणि म्हणत, "नाक आपल्यात न्हाई. मास्तराचं घेतलंय."

एकदा आत्या रानात गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "आबा, मला श्रावणातच कळलं हुतं. तुमचं कार्ड बगून. मला येता आलं असतं. मी आले न्हाई."

त्यांनी तोंड नदीकडून वळवलं नाही. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

"का न्हाई आलीस?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

"सिनेमाला जायचं हुतं," मी म्हणाले. खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

त्यांनी मान हलवली. "सुकात हुतीस तवा," म्हणाले. "मग बरं झालं."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. मी उठून आत गेले आणि चुलीपाशी नुसती बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी ओट्यावरून हाक मारली, ऊन अंगावर आलंय का बघ म्हणाले. आलं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना सावलीत बसवलं.

पुढच्या पौषात ते गेले. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा नवरा शाळेत होता. त्याला बोलावून आणेपर्यंत दुपारची गाडी चुकली. आम्ही कोल्हारला पोचलो तोवर नदीकाठी सगळं आटोपलं होतं. आत्यानं मला पोटाशी धरलं आणि सांगितलं, की शेवटपर्यंत शुद्ध होती, सकाळी दूध-भाकरी खाल्ली, कुणाची आठवण काढली नाही. मला बरं वाटावं म्हणून ती सांगत होती, की काही यातना नव्हत्या, कशात जीव अडकला नव्हता. मी मान डोलावत ऐकून घेतलं. आत्याला राहून गेलेल्या रंगाचं आणि त्या कार्डाचं काही माहीत नव्हतं, आणि मीही तिला कधी सांगितलं नाही.